ड्रोनच्या रिमोटचा अँटेना बदलून रेंज वाढवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे आणि आसपास छंद म्हणून किंवा छायाचित्रणासाठी ड्रोन उडवणाऱ्यांसाठी ही उत्तरे आहेत. बहुतेक उत्तरे २.४ आणि ५.८ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या रिमोटना लागू आहेत. ८६६ मेगाहर्ट्झच्या लांब पल्ल्याच्या मॉड्यूलचा प्रश्न खाली वेगळा घेतला आहे.

अँटेना बदलला की रेंज खरोखर वाढते का? किती?

वाढते, पण खोक्यावर छापलेल्या आकड्याइतकी नाही. रेडिओचा सगळा जमाखर्च डेसिबलमध्ये, म्हणजे डीबीमध्ये चालतो. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट करायला ६ डीबीची भर लागते आणि चौपट करायला १२ डीबीची. ३ डीबी मिळाले तर रेंज १.४ पट होते, त्याहून जास्त नाही. २ डीबीआयचा (डीबीआय म्हणजे अँटेना एका दिशेला किती जोर एकवटतो याचे माप) मूळ अँटेना काढून ५ डीबीआयचा लावला आणि आधी १ किलोमीटर मिळत असेल, तर चांगल्या परिस्थितीत १.४ किलोमीटरची अपेक्षा ठेवा. ‘दहापट रेंज’ म्हणजे २० डीबीची भर. हातात धरायच्या रिमोटवर बसणारा कोणताही अँटेना एवढी भर घालू शकत नाही.

कंपन्यांचे आकडेही याच हिशोबाने वाचावेत. डीजेआय मिनी २ चा कमाल पल्ला अमेरिकी मानकात १० किलोमीटर आणि युरोपीय मानकात ६ किलोमीटर दिला आहे. २.४ गिगाहर्ट्झवर पहिल्यात शक्ती २६ डीबीएमपर्यंत (डीबीएम म्हणजे १ मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेली शक्ती) आणि दुसऱ्यात २० डीबीएमपर्यंत असते, म्हणजे फरक बरोबर ६ डीबीचा. दोन्ही आकडे अडथळा आणि गोंगाट नसलेल्या जागेचे आहेत. तशी जागा कोथरूडच्या गच्चीवर मिळत नाही.

अँटेना शक्ती निर्माण करत नाही, हे पक्के लक्षात ठेवा. बागेत पाणी घालताना पाइपच्या तोंडाशी अंगठा धरला की धार लांब जाते, पण आजूबाजूची झाडे कोरडी राहतात. अँटेनाचा ‘गेन’ तसाच असतो. एका दिशेला मिळालेली वाढ दुसऱ्या दिशेतून काढलेली असते.

पैसे खर्च करण्याआधी काय तपासावे?

हा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो, आणि सगळ्यात जास्त डीबी इथेच सांडलेले असतात.

पहिली गोष्ट दिशा. काठीसारख्या अँटेनाभोवतीचा सिग्नल मेदूवड्याच्या आकाराचा असतो. काठी मधल्या भोकातून जाते आणि सगळा माल कडेला असतो. काठीच्या शेंड्याच्या रेषेत जवळजवळ काहीच नसते. तरीही नवीन माणूस अँटेनाचा शेंडा बंदुकीसारखा ड्रोनवर रोखतो. ड्रोन लांब असेल तर काठी उभी ठेवा, म्हणजे तिची बाजू ड्रोनकडे राहील. चपट्या पट्टीचे अँटेना असतील तर पट्टीची रुंद बाजू ड्रोनकडे करा.

दुसरी गोष्ट ध्रुवीकरण, म्हणजे लहरी उभ्या, आडव्या की गोल फिरत (वर्तुळाकार) जातात ते. रिमोटचा अँटेना उभा आणि ड्रोनवरचा आडवा असेल, तर प्रत्यक्षात २० डीबीपर्यंत नुकसान होते. हिशोबाने रेंज एक दशांशावर येते. दोन्ही उभे ठेवा, किंवा ड्रोनवर दोन अँटेना असतील तर ते एकमेकांशी काटकोनात बसवा, म्हणजे ड्रोन वळला तरी एक तरी जुळतो. एका टोकाला वर्तुळाकार आणि दुसऱ्या टोकाला सरळ ध्रुवीकरण असेल तर ३ डीबी जातात. उजवे वर्तुळाकार आणि डावे वर्तुळाकार समोरासमोर आले तर पुन्हा २० डीबीच्या आसपास फटका बसतो.

तिसरी गोष्ट उंची. समोरचा ड्रोन नुसता दिसून भागत नाही, त्या रेषेभोवती लांबट भोपळ्यासारखी जागा मोकळी लागते. हिला फ्रेनेल झोन म्हणतात. २.४ गिगाहर्ट्झवर २ किलोमीटर अंतर असेल तर मध्यावर या जागेची त्रिज्या सुमारे ८ मीटर असते, आणि त्यातली निदान ६० टक्के, म्हणजे पावणेपाच मीटर, मोकळी हवी. उसाच्या फडामागे किंवा बाभळींच्या रांगेआड उभे राहून ड्रोन दिसत असला तरी सिग्नल का गळतो, याचे कारण हेच. बांधावर, टेकाडावर किंवा गच्चीवर उभे राहिल्याने जे मिळते ते महागड्या अँटेनाने मिळत नाही.

चौथी गोष्ट तुमचे स्वतःचे शरीर. माणसाच्या अंगात पाणी भरपूर असते आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी त्यात शोषल्या जातात. रिमोट पोटाशी धरून ड्रोनकडे पाठ केली तर सिग्नल तुमच्या अंगातून जातो. रिमोट छातीच्या उंचीवर धरा आणि ड्रोनबरोबर स्वतः वळा. गाडीचे टप, पत्र्याची शेड आणि गच्चीचे लोखंडी कठडे यांच्यापासून दोन-तीन मीटर दूर राहा.

हे सगळे नीट करूनही सिग्नल कमी पडत असेल, तर पुढे वाचा.

माझ्याच रिमोटची रेंज शहरात ४०० मीटर आणि सासवडकडे दीड किलोमीटर. रिमोट बिघडला आहे का?

नाही. शहरात हवा गोंगाटाने भरलेली असते. सोसायटीतल्या प्रत्येक फ्लॅटमध्ये एक वायफाय राउटर २.४ वर असतो, शिवाय ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन असतात. रिसीव्हरला लागतो तो सिग्नल आणि गोंगाट यांच्यातला फरक. गोंगाट १० डीबीने वर गेला तर तुमच्या सिग्नलला काहीही न होता रेंज जवळपास एक तृतीयांश होते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. जास्त गेनची उभी काठी चारही बाजूंचा गोंगाटही तितकाच जास्त गोळा करते, म्हणून दाट वस्तीत तिचा फायदा फारसा जाणवत नाही. पॅच किंवा पॅनल, म्हणजे एका दिशेला रोखायचा चपटा अँटेना, पाठीमागचा आणि बाजूचा गोंगाट कमी घेतो. हिंजवडी, बाणेर, कोथरूड अशा भागांत पॅचचा खरा उपयोग गेनपेक्षा या आडोशामुळे होतो.

५.८ वर गर्दी बऱ्याचदा कमी असते, पण तिथे दुसरी किंमत मोजावी लागते. त्याच अंतरात, तेवढ्याच गेनच्या अँटेनांवर ५.८ चा सिग्नल २.४ पेक्षा पावणेआठ डीबी जास्त घटतो, आणि झाडांच्या पानांमधून तो आणखी कमी जातो. मोकळ्या माळावर २.४, वस्तीजवळ कमी अंतरासाठी ५.८, असा ढोबळ नियम धरायला हरकत नाही.

माझ्या रिमोटचा अँटेना बदलता येतो का?

तीन प्रकार असतात. पहिल्यात अँटेना पितळी किंवा सोनेरी आट्यांवर फिरवून बसवलेला असतो आणि बाहेरूनच निघतो. वेगळे जेआर मॉड्यूल (रिमोटच्या पाठीवर बसणारा जोड-ट्रान्समीटर) लावणारे रिमोट बहुतेक असेच. यात काम दोन मिनिटांचे आहे. दुसऱ्यात बाहेरचा अँटेना बिजागरीवर हलतो, पण त्याची बारीक वायर आत मदरबोर्डवर छोट्या बटणासारख्या आयपेक्स कनेक्टरला जाते. रिमोट उघडावा लागतो, पण सोल्डर लागत नाही. तिसऱ्यात अँटेना फोनच्या पकडीत किंवा रिमोटच्या कवचात दडवलेले असतात. तेही आयपेक्सनेच जोडलेले असतात, मात्र कवचाला भोके पाडावी लागतात आणि वॉरंटी संपते.

अँटेना थेट बोर्डवर छापलेला असेल आणि कनेक्टरच नसेल, तर त्या रिमोटच्या नादी लागू नका. बोर्डवरची पट्टी कापून वायर चिकटवण्याचे प्रयोग इंटरनेटवर दिसतात, पण तिथले इम्पिडन्स (लहरींना होणारा विरोध) जुळवणे घरच्या सोल्डरगनने होत नाही.

कोणता अँटेना घ्यावा?

आधी उडवण्याची पद्धत ठरवा.

ड्रोन तुमच्याभोवती सगळीकडे फिरत असेल तर २ ते ३ डीबीआयचा चांगल्या बनावटीचा डायपोल (साधी काठी) पुरे. ५ डीबीआयची काठी चालते, पण तिचा उभ्या दिशेतला पसारा ४० अंशांच्या आसपास येतो. ७ किंवा ९ डीबीआयची लांब काठी घेऊ नका. ९ डीबीआयला हा पसारा १५ अंशांच्या जवळ येतो. ड्रोन १२० मीटर उंचीवर आणि २०० मीटर लांब असेल तर तो क्षितिजापासून ३१ अंश वर असतो, म्हणजे त्या काठीच्या झोताच्या पार बाहेर. २ किलोमीटरवर तोच कोन साडेतीन अंशांचा होतो आणि तिथे ही काठी छान चालते. लांब चालणारा आणि डोक्यावर आला की तुटणारा अँटेना छंदासाठी धोक्याचा आहे.

ड्रोन एकाच बाजूला जात असेल, उदाहरणार्थ शेताची पाहणी किंवा नदीकाठचे चित्रण, तर ८ डीबीआयचा पॅच उत्तम. त्याचा पसारा साधारण ७० अंश असतो. थोडे चुकीचे रोखले तरी सांभाळून घेतो. आमच्या मते पुण्याभोवतीच्या बहुतेक कामांना हाच पुरतो.

१४ डीबीआयचे पॅनल किंवा लांब यागी (टीव्हीच्या जुन्या अँटेनासारखा, काड्यांचा) यांचा पसारा ३० ते ३५ अंश. ५०० मीटरवर मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना सुमारे १३० मीटरच झाकले जातात. ट्रायपॉड आणि पॅनल रोखून धरणारा दुसरा माणूस नसेल तर हे घेऊ नका. हेलिकल (स्प्रिंगसारखा) अँटेना वर्तुळाकार ध्रुवीकरणाचा असतो, म्हणून ड्रोनवरही त्याच हाताचा वर्तुळाकार अँटेना असेल तरच घ्या.

रिमोटला दोन अँटेना असतील तर एक डायपोल आणि एक पॅच ही जोडी फार उपयोगी पडते, पण तुमचा रिमोट दोन्हींतला चांगला निवडून वापरणारा असला पाहिजे. जवळ आणि डोक्यावर असताना डायपोल सांभाळतो, लांब गेल्यावर पॅच.

रिमोट २.४ आणि ५.८ दोन्हींवर चालतो. फक्त २.४ चा अँटेना लावला तर?

रिमोट स्वतःहून ५.८ वर गेला की सिग्नल कोसळेल. २.४ चा पाव तरंग ३१ मिलिमीटर असतो आणि ५.८ चा १३ मिलिमीटर, त्यामुळे एकासाठी कापलेला अँटेना दुसऱ्यावर बसत नाही. अशा रिमोटला ड्युअल बँड अँटेनाच लावा. पर्याय नसेल तर अ‍ॅपमध्ये बँड हाताने २.४ वर पक्का करा आणि प्रत्येक उड्डाणाआधी तो तसाच आहे ना, हे पाहा.

एसएमए आणि आरपी-एसएमए यांत काय फरक? आटे तर सारखेच बसतात.

दोन्ही अँटेना फिरवून बसवायचे कनेक्टर आहेत. आटे सारखे असतात, मधली पिन उलटी असते, आणि निम्मे घोटाळे इथेच होतात. साध्या एसएमएमध्ये आतून आटे असलेल्या टोपीत पिन असते आणि बाहेरून आटे असलेल्या नळीत भोक. आरपी-एसएमएमध्ये टोपीत भोक आणि नळीत पिन. चुकीची जोडी केली आणि दोन्हीकडे भोक आले, तर अँटेना घट्ट बसलेला दिसतो, पण विजेचा संपर्कच होत नाही. दोन्हीकडे पिन आली तर त्या एकमेकींवर दाबून वाकतात. मागवण्याआधी रिमोटच्या कनेक्टरचा समोरून फोटो काढा आणि पिन आहे की भोक, हे बघूनच ऑर्डर द्या. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाणार असाल तर जुना अँटेना खिशात घेऊन जा. नाव सांगण्यापेक्षा वस्तू दाखवलेली बरी. दुकानातच पिन आणि भोक जुळवून बघा. वायफाय राउटरचे अँटेना बहुधा आरपी-एसएमए असतात, हेही ध्यानात असू द्या.

आतल्या आयपेक्सचेही आकार आहेत. जुन्या बोर्डांवर आयपेक्स-१ आणि नव्या, पातळ बोर्डांवर त्याहून लहान आयपेक्स-४ असतो. मोठा लहानावर दाबून बसत नाही, बोर्डवरचा भाग मात्र उखडतो. हा जोड सुमारे ३० वेळा काढ-घाल करण्यापुरताच बनवलेला असतो. गंमत म्हणून उघडझाप करू नका.

लांब केबल टाकून अँटेना उंचावर लावला तर चालेल ना?

चालेल, पण केबल काय खाते ते आधी बघा. २.४ गिगाहर्ट्झवर आरजी-३१६ एका मीटरला साधारण दीड डीबी खाते आणि आरजी-१७८ अडीच डीबी. आयपेक्स पिगटेलमधली (बोर्डापासून बाहेरच्या कनेक्टरपर्यंतची छोटी वायर) १.१३ मिलिमीटरची केसासारखी वायर तीन डीबीहून जास्त खाते. ५.८ वर हे आकडे दीडपटीहून अधिक होतात. म्हणजे २ मीटर आरजी-१७८ लावून ५ डीबीआयचा अँटेना वर चढवला, तर त्याचा सगळा गेन वायरीतच संपला.

पिगटेल १० ते १५ सेंटिमीटरची ठेवा. दोन-तीन मीटर जायचेच असेल तर एलएमआर-२०० किंवा त्याहून जाड केबल घ्या. त्याहूनही चांगला उपाय असा की मॉड्यूलच ट्रायपॉडवर अँटेनाला लागून बसवा आणि खाली फक्त सिग्नलची व विजेची वायर आणा.

आतला अँटेना काढून बाहेर एसएमए बसवण्याची रीत सांगा.

साहित्य : रिमोटवर बसणाऱ्या जातीच्या आयपेक्सपासून एसएमए बल्कहेडपर्यंतची (कवचाच्या भोकात नटाने बसणारा कनेक्टर) पिगटेल, जितके अँटेना तितक्या, प्रत्येकी १० ते १५ सेंटिमीटर, दातेरी वॉशर आणि नट, ८ मिलिमीटरचा पाना, ३ आणि ६.५ मिलिमीटरचे ड्रिल बिट, प्लॅस्टिकची उचकटणी, बारीक स्क्रू-ड्रायव्हर, कॅप्टॉन टेप (उष्णता सहन करणारी चिकटपट्टी).

रिमोट बंद करा. उघडल्याबरोबर आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. प्रत्येक थर सुटला की फोटो घ्या, कारण स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर बोर्डला टोचतो. कवचाचे दोन भाग झटक्याने वेगळे करू नका, मध्ये फितीसारखी पातळ केबल असते.

कोणती वायर कोणत्या बटणावर होती, त्यावर टेपचा तुकडा लावून क्रमांक लिहा. आयपेक्स सरळ वर उचला, कधीही वायर धरून किंवा तिरका ओढू नका. भोक पाडण्याआधी आतून जागा मोजा. नटाला फिरायला आणि पिगटेलला वळायला जागा हवी, आणि वळण ५-६ मिलिमीटरपेक्षा तंग नको. आधी ३ मिलिमीटरचे भोक, मग ६.५ मिलिमीटरचे. बोर्ड बाहेर काढूनच ड्रिल करा, प्लॅस्टिकचा भुसा जॉयस्टिकमध्ये गेला तर ते वेगळेच दुखणे होते.

बल्कहेड बाहेरून बसवा, आतून दातेरी वॉशर आणि नट. नट आवळताना बाहेरचा भाग दुसऱ्या हाताने धरून ठेवा, नाहीतर पिगटेल पिळून आतून तुटते आणि वरून काही दिसत नाही. आयपेक्स बरोबर वरती ठेवून बोटाने सरळ दाबा, हलका टक् आवाज येतो. त्यावर कॅप्टॉन टेपची पट्टी लावा. जोडात गोंद किंवा सिलिकॉन घालू नका.

बॅटरी पुन्हा जोडण्याआधी दोन्ही अँटेना लावा. अँटेनाविना ट्रान्समीटर चालू केला तर शक्ती परत उलटते आणि आउटपुटचा अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो. ‘एक मिनिट बघतो’ असे म्हणतानाच हा भाग जातो.

क्लिपने लावायचे सोनेरी रिफ्लेक्टर आणि यागीच्या कड्या काम करतात का?

थोडे. काठीच्या अँटेनामागे योग्य अंतरावर बसलेला धातूचा पडदा दोन-तीन डीबी समोर ढकलतो आणि मागचा गोंगाट अडवतो. उघडायची गरज नाही, वॉरंटीला धक्का नाही. पण ते त्याच मॉडेलसाठी बनवलेले हवेत. अंतर चुकले तर तोच पडदा सिग्नल दाबतो. खालच्या चाचणीत खरे उतरले तरच ठेवा.

बूस्टर लावला तर अँटेना बदलायची गरजच नाही, बरोबर?

आमचा सल्ला स्पष्ट आहे : बूस्टर नको. अँटेनाचा गेन जाताना आणि येताना दोन्हीकडे मिळतो. रिमोटचे हुकूम लांब जातात आणि ड्रोनचा व्हिडिओही जास्त चांगला ऐकू येतो. साधा बूस्टर फक्त जाणारा आवाज मोठा करतो. तुमचे हुकूम ३ किलोमीटर पोहोचतात, पण व्हिडिओ तिथून येत नाही, आणि तुम्ही आंधळे उडवत राहता. दोन्ही दिशांचा बूस्टर स्वतःचा गोंगाट मिसळतो, बॅटरी खातो, आणि कायद्याची शक्तिमर्यादा सहज ओलांडतो.

रिमोटचा सिग्नल पूर्ण असतो, व्हिडिओ मात्र अडकतो. अँटेना बदलून उपयोग होईल?

एकाच जोडावर हुकूम आणि व्हिडिओ चालत असतील तर होईल. व्हिडिओला जास्त माहिती न्यावी लागते, म्हणून तो आधी दम सोडतो. तयार ड्रोनमध्ये आधी व्हिडिओचा बिटरेट आणि रेझोल्यूशन कमी करून बघा. एफपीव्हीमध्ये (गॉगलमधून ड्रोनच्या नजरेने उडवताना) व्हिडिओ वेगळ्या ५.८ च्या ट्रान्समीटरने येतो. तिथे रिमोटचा अँटेना बदलून काहीच होणार नाही, गॉगलचे अँटेना बदला. गॉगलवर एक वर्तुळाकार काठी आणि एक पॅच, दोन्ही एकाच हाताचे.

घरी बांधलेल्या ड्रोनवर रिसीव्हरचा अँटेना कार्बन फ्रेमला चिकटलेला किंवा बॅटरीखाली दबलेला असेल तर आधी तो बाहेर काढा. कार्बन फायबर वीज वाहून नेतो आणि सिग्नल अडवतो. २.४ च्या साध्या रिसीव्हरमध्ये वायरीचा उघडा शेंडा ३१ मिलिमीटर असतो. तोच खरा अँटेना आहे, त्याला कात्री लावू नका आणि टेपने फ्रेमवर बांधू नका.

फरक पडला की नाही, हे मोजायचे कसे?

डोळ्यांवर आणि ‘बार’वर विश्वास ठेवू नका. सरळ रीत अशी : एक्सप्रेसएलआरएससारख्या रिमोट-रिसीव्हर जोडणाऱ्या सिस्टिममध्ये शक्ती १० किंवा २५ मिलिवॅटवर पक्की करा आणि आपोआप शक्ती बदलणारे डायनॅमिक पॉवर बंद करा. ड्रोन जमिनीपासून दीड मीटर उंच लाकडी स्टुलावर ठेवा, पंखे काढून. १०० पावले लांब जा. जुन्या अँटेनाने आरएसएसआयचे, म्हणजे रिसीव्हरला मिळालेल्या सिग्नलच्या ताकदीचे, दहा आकडे लिहून घ्या. तीच जागा, तीच उंची, तोच हात ठेवून नवीन अँटेनाने दहा आकडे घ्या. सरासरीतला फरक हाच तुमचा खरा फायदा. ५ डीबीआय लिहिलेला अँटेना २ डीबीआयपेक्षा निदान २ डीबी वर गेला नाही, तर तो दुकानदाराला परत करा. एक-दोन डीबीचा फरक हात हलल्यानेही येतो, म्हणून एकाच आकड्यावर निवाडा करू नका.

पुढे लिंक क्वालिटी, म्हणजे पाठवलेल्यापैकी किती हुकूम पोहोचतात, ते बघा. एक्सप्रेसएलआरएसमध्ये २.४ वर ५० हर्ट्झला (सेकंदाला ५० वेळा हुकूम पाठवताना) संवेदनशीलतेची मर्यादा उणे ११५ डीबीएम आहे, २५० हर्ट्झला उणे १०८, ५०० हर्ट्झला उणे १०५. आरएसएसआय या मर्यादेपासून १० डीबीवर आला की परत फिरा. हुकूम पाठवण्याचा वेग कमी केला की काहीही विकत न घेता डीबी मिळतात. ५०० वरून ५० वर आलात तर १० डीबी.

व्हीएनए (अँटेना तपासायचे यंत्र) असेल तर अँटेनाचा एसडब्ल्यूआर (किती शक्ती परत उलटते याचे माप) बघा, पण यंत्र २.४ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारे हवे. सगळ्यात स्वस्त नॅनोव्हीएनए तिथपर्यंत पोहोचत नाही. एसडब्ल्यूआर १.५ ला ४ टक्के शक्ती परत येते, २ ला ११ टक्के, ३ ला २५ टक्के. २ असला तरी नुकसान अर्ध्या डीबीचे आहे, तेवढ्यासाठी जीव टाकू नका. ३ च्या वर असेल तर अँटेना खोटा, किंवा जोड सैल.

नवीन अँटेना लावल्यावर रेंज कमी झाली. का?

या क्रमाने शोधा. पिन आणि भोक जुळले आहे का? आयपेक्स पूर्ण बसला आहे का, की टेकल्यासारखा आहे? पिगटेल नटाबरोबर पिळली गेली का? दोन वायरींची अदलाबदल झाली का, विशेषतः एक जीपीएसची किंवा फक्त ५.८ ची असेल तर? अँटेना त्याच बँडचा आहे का? बाजारात ४३३ मेगाहर्ट्झची आणि २.४ ची काठी दिसायला सारखीच असते. दोन पॅच एकाच दिशेला, एकाच ध्रुवीकरणात लावून विविधता (दोन वेगळ्या अँटेनांतला चांगला निवडण्याची सोय) घालवली का? आणि शेवटी, काठीवर लिहिलेला गेन खरा आहे का? २.४ ला १० सेंटिमीटरच्या काठीत ९ डीबीआय बसतच नाहीत, तेवढ्यासाठी ती निदान तिप्पट लांब लागते.

९१५ मेगाहर्ट्झचे मॉड्यूल स्वस्तात मिळते आहे. घ्यावे का?

नाही. भारतात विनापरवाना वापराचा पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आहे. ९१५ ला लागून मोबाइल कंपन्यांच्या ९०० च्या वाहिन्या आहेत. तिथे तुम्ही लोकांच्या फोनमध्ये अडथळा आणाल. एक्सप्रेसएलआरएसमध्ये फर्मवेअर भरताना ८६६ चा भारतीय पर्याय निवडा. अँटेनाही ८६६ चा हवा, ज्याचा पाव तरंग ८६.५ मिलिमीटर आहे. ९१५ चा अँटेना ८६६ वर थोडा लंगडतो.

जुन्नर-नारायणगाव भागात जाणार असाल तर खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीपासून लांब राहा. तिथल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातून येणारे अतिक्षीण रेडिओ सिग्नल ऐकतात, आणि ही जागा निवडताना तिथली रेडिओ शांतता हे एक मोठे कारण होते. तुमचा शंभर मिलिवॅटचा रिमोट त्यांच्यासाठी कानाशी वाजवलेला ढोल आहे.

कायदा काय सांगतो?

दोन वेगळे कायदे आहेत, दोन्ही पाळावे लागतात.

रेडिओचा : २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झमध्ये २००५ च्या नियमांनुसार ट्रान्समीटरची शक्ती जास्तीत जास्त १ वॅट आणि अँटेनासह परिणामी शक्ती ४ वॅट, म्हणजे ३६ डीबीएम. हिशोब सोपा आहे : ट्रान्समीटरचे डीबीएम आणि अँटेनाचे डीबीआय यांची बेरीज ३६ च्या आत. १०० मिलिवॅट म्हणजे २० डीबीएम, त्यावर १४ डीबीआयचे पॅनल लावले तर ३४, चालेल. २५० मिलिवॅटवर, म्हणजे २४ डीबीएमवर, तेच पॅनल लावले तर ३८. नियम मोडला. मोठा अँटेना लावला की शक्ती कमी करायची असते, हे विसरू नका.

उड्डाणाचा : २५ ऑगस्ट २०२१ चे ड्रोन नियम. ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत पूर्वपरवानगी लागत नाही. यलो झोनला हवाई वाहतूक नियंत्रणाची आणि रेड झोनला केंद्र सरकारची परवानगी हवी. पुण्यात हे फार जवळचे प्रकरण आहे. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा तळ आहे, खडकवासल्याला एनडीए, आणि पाषाण, खडकी, दिघी इथे संरक्षण खात्याच्या संस्था आहेत. प्रत्येक वेळी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा उघडून बघा, आठवणीवर जाऊ नका. पालखीच्या आणि मोठ्या दौऱ्यांच्या वेळी पोलिसांचे वेगळे मनाई आदेश असतात.

नजरेपलीकडे उडवायला वेगळी परवानगी लागते. मग अँटेना कशासाठी बदलायचा? दिसणाऱ्या अंतरातच सिग्नल भक्कम राहावा, झाडाआड गेल्यावर व्हिडिओ तुटू नये, ड्रोन वळल्यावर फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर ड्रोनने आपोआप परतणे किंवा उतरणे) लागू नये, यासाठी. ६ डीबी जादा हाताशी असणे म्हणजे अडथळा आला तरी ड्रोन हातात राहणे. आम्ही अँटेनाचे काम याच हेतूने सुचवतो.

पावसाळ्यात रेंज का घटते? पावसात सिग्नल विरघळतो का?

२.४ वर पावसाच्या धारांनी होणारी घट नगण्य आहे. घट होते ती ओल्या पानांमुळे आणि अँटेनावर साचलेल्या पाण्यामुळे. ताम्हिणी, मुळशीकडे जूननंतर झाडी दाट आणि चिंब असते. उन्हाळ्यात जिथून सिग्नल जात होता तिथे भिंत उभी राहिल्यासारखे होते. एसएमएच्या जोडात पाणी शिरले तर पितळ हिरवे पडते. सीझनला एकदा कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन जोड पुसा.

रेंज वाढली, आता बॅटरीचा हिशोब कसा धरू?

वाऱ्यासकट. ड्रोनचा वेग सेकंदाला १० मीटर असेल तर २ किलोमीटर जायला ३ मिनिटे २० सेकंद लागतात. परतताना समोरून ५ मीटरचा वारा असेल तर तेच अंतर ६ मिनिटे ४० सेकंदांचे होते. घाटमाथ्यावर उन्हाळी दुपारी एवढा वारा रोजचा आहे. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, येताना त्याच्याबरोबर या. घरी परतण्याची उंची आसपासच्या सगळ्यात उंच झाडापेक्षा, टॉवरपेक्षा वर ठेवा, आणि नवीन अँटेनानंतरच्या पहिल्या उड्डाणात ५० मीटरवर रिमोट बंद करून फेलसेफ चालतो का, ते प्रत्यक्ष बघा.

जुने अँटेना टाकून देऊ का?

नको. रिमोट दुरुस्तीला द्यायचा झाला तर मूळ अवस्थेत द्यावा लागतो, आणि प्रत्येक नवीन अँटेना ज्याच्याशी ताडून बघायचा तो मापदंडही तोच आहे. कनेक्टरवर टोपी लावा, बँड लिहिलेली चिठ्ठी गुंडाळा आणि डबीत ठेवा.